पहिल्या दिवसापासून फ्रेंच : कॅनडातील इमर्शन वर्गांची पार्श्वभूमी

कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची कामगार दिनाची सुटी संपली की शाळा उघडतात. त्या सुमारास फ्रेंच इमर्शनच्या, म्हणजे फ्रेंच न येणाऱ्या मुलांना शाळेचे विषय फ्रेंचमधूनच शिकवण्याच्या पद्धतीच्या, पहिलीच्या वर्गात येणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या घरी फ्रेंच कोणीच बोलत नाही. वर्गशिक्षिका मात्र दारातच ‘बोंजूर’ म्हणून त्यांचे स्वागत करतात आणि दिवसभर शक्यतो फ्रेंचखेरीज दुसरी भाषा वापरत नाहीत. दप्तर कुठे अडकवायचे, रांग कशी करायची, डबा केव्हा उघडायचा, हे सारे हातवारे, चित्रे आणि प्रात्यक्षिक यांच्या आधाराने फ्रेंचमध्येच सांगितले जाते. मूल इंग्रजीत काही विचारते तेव्हा प्रश्न शिक्षिकांना कळतो. उत्तर मात्र त्या फ्रेंचमध्ये देतात. वार, तारीख आणि हवामान यांची रोजची उजळणी आणि तीच तीच गाणी यांतून पहिले काही आठवडे जातात. शौचालयात जाण्याची परवानगी मागणे हे अनेक मुलांच्या तोंडी बसणारे पहिले पूर्ण फ्रेंच वाक्य असते, आणि त्यात नवल नाही, कारण त्याची गरजच तशी असते. त्याच महिन्यात होणाऱ्या पालकसभेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : इंग्रजी वाचायला कधी शिकवणार?

शिक्षिकांनी फ्रेंच सोडायचे नाही, मुलांना सुरुवातीला इंग्रजीची मोकळीक द्यायची आणि इंग्रजी वाचन मुद्दाम लांबणीवर टाकायचे, ही पद्धत एखाद्या शिक्षण खात्याच्या परिपत्रकातून आलेली नाही. तिचे मूळ साठच्या दशकातील क्वेबेक प्रांताच्या राजकारणात आणि मॉन्ट्रियलजवळच्या एका उपनगरातील काही पालकांच्या चिकाटीत आहे.

त्या काळी क्वेबेकमध्ये फ्रेंच भाषकांची संख्या प्रचंड असली तरी व्यापार, बँका आणि मोठे कारखाने यांची भाषा इंग्रजी होती. 1961 च्या जनगणनेच्या आकड्यांवरून केंद्र सरकारने नेमलेल्या शाही आयोगाने पुढे असे दाखवले की, प्रांतातील चौदा वांशिक गटांच्या सरासरी उत्पन्नाच्या क्रमवारीत फ्रेंच कॅनेडियन बाराव्या स्थानी होते. स्वतःच्याच भूमीत ही स्थिती असल्याचा असंतोष 1960 मध्ये प्रांतात जाँ लसाज यांचे सरकार आल्यानंतर उघडपणे व्यक्त होऊ लागला. ‘आपल्या घरात आपणच मालक’ या आशयाची घोषणा देत त्यांनी 1962 ची निवडणूक वीज कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाच्या प्रश्नावर लढवली आणि जिंकली. त्याच वर्षी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष डोनाल्ड गॉर्डन यांना संसदीय समितीपुढे विचारण्यात आले की, त्यांच्या उपाध्यक्षांत एकही फ्रेंच कॅनेडियन का नाही. नेमणुका गुणवत्तेवर होतात, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, आणि मॉन्ट्रियलच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा जाळला. 1963 मध्ये केंद्र सरकारने द्विभाषिकता आणि द्विसंस्कृती यांचा विचार करण्यासाठी आंद्रे लोराँदो आणि डेव्हिडसन डंटन यांच्या अध्यक्षतेखाली वर उल्लेखलेला शाही आयोग नेमला.

इंग्रजी भाषक पालकांपैकी ज्यांना ही बदलती हवा वेळीच कळली, त्यांच्यापुढे एक व्यावहारिक अडचण उभी होती. इंग्रजी शाळांत फ्रेंच हा विषय वर्षानुवर्षे शिकवला जात असे, पण तो शिकलेल्या माणसाला शेजारच्या दुकानदाराशी चार वाक्ये धड बोलता येत नसत. व्याकरणाची कोष्टके आणि भाषांतर यांवरच सगळा भर होता. मुलांना सरळ फ्रेंच शाळेत घालावे, तर तोही मार्ग सहज खुला नव्हता, कारण क्वेबेकची शाळा मंडळे तेव्हा भाषेनुसार नव्हे, तर धर्मानुसार विभागलेली होती : एक व्यवस्था कॅथलिकांची, दुसरी प्रॉटेस्टंटांची. फ्रेंच शाळा बहुतांशी कॅथलिक होत्या आणि इंग्रजी भाषक प्रॉटेस्टंट मुलांना तेथे सहसा प्रवेश मिळत नसे. धर्माचा हा निकष जाऊन भाषेवर आधारित मंडळे 1998 मध्ये आली. म्हणजे एकाच रस्त्यावर वाढणारी दोन मुले एकमेकांची भाषा न शिकता मोठी होतील, याची सोय व्यवस्थेनेच करून ठेवलेली होती.

सेंट लॅम्बर्ट हे सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावरचे, मॉन्ट्रियल शहराच्या समोरचे उपनगर. 1963 मध्ये तेथील काही पालक या प्रश्नावर एकत्र आले. ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलेरी नील ही त्यांतील पुढाकार घेणारी नावे. त्यांची मागणी साधी असली तरी तिला आधार मिळणे कठीण होते : आमच्या इंग्रजी भाषक मुलांना आमच्याच शाळेत, बालवाडीपासून, सगळे शिक्षण फ्रेंचमधून द्या. स्थानिक प्रॉटेस्टंट शाळा मंडळाने दोन वर्षे आढेवेढे घेतले. मातृभाषेत पाया पक्का होण्याआधी दुसरी भाषा माध्यम म्हणून लादली तर मूल दोन्हीकडे मागे पडते, असे मत तेव्हा शिक्षणक्षेत्रात रूढ होते.

पालकांनी यावर उत्तर शोधले ते मॅकगिल विद्यापीठात. तेथील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांनी एलिझाबेथ पील यांच्यासह 1962 मध्ये मॉन्ट्रियलच्या दहा वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात दोन्ही भाषा सारख्याच सफाईने वापरणारी मुले बुद्धिमापन चाचण्यांत एकभाषक मुलांच्या पुढे असल्याचे आढळले होते. पुढे या अभ्यासाच्या नमुना निवडीवर आक्षेप आले, आणि ते अगदीच निराधार नव्हते. पण द्विभाषिकता म्हणजे मेंदूवरचे ओझे, या समजाला त्याने पहिला मोठा धक्का दिला. प्रसिद्ध मज्जाशल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड हेही मॉन्ट्रियलचेच. बालवयात मेंदूची लवचिकता अधिक असल्याने भाषा लवकर सुरू कराव्यात, हे त्यांचे प्रतिपादन. या दोघांचा पाठिंबा मिळाल्यावर मंडळाने प्रयोग म्हणून एक वर्ग मान्य केला. इमर्शनची लोकप्रिय कथा पेनफिल्ड यांच्या मेंदूविषयक सिद्धांतावर जेवढी विसंबून राहते, तेवढा आधार पुढील संशोधनाने त्याला दिला नाही, हे येथेच नोंदवणे बरे. सहावी-सातवीत सुरुवात करणारे ‘उशिराचे’ इमर्शनचे विद्यार्थी काही चाचण्यांत लवकर सुरुवात करणाऱ्यांच्या बरोबरीने उतरलेले आहेत.

सप्टेंबर 1965 मध्ये बालवाडीचा पहिला वर्ग भरला. जागा 26 होत्या आणि नोंदणी सुरू झाल्यावर पाच मिनिटांत त्या संपल्या, असे मेलिकॉफ यांनी लिहून ठेवले आहे. बालवाडीच्या वर्षात शिक्षिका फ्रेंचच बोलत, मुलांना मात्र आपापसांत आणि शिक्षिकेशी इंग्रजीत बोलण्याची मुभा होती. भर ऐकण्यावर, गाण्यांवर, हस्तव्यवसायावर होता. पहिलीत वाचन, लेखन आणि गणित हे सारे फ्रेंचमधून सुरू झाले. इंग्रजी भाषेचा छोटा तास दुसरीपासून आला आणि पुढील इयत्तांत तो वाढत गेला. घरात, गल्लीत, दूरदर्शनवर इंग्रजीच असल्याने ती मुले इंग्रजी विसरतील ही भीती निराधार आहे, हे या रचनेमागचे गृहीतक होते. आजच्या पहिलीतील नियम पाहिले की या आराखड्याची छाप स्पष्ट दिसते.

या प्रयोगाचे वेगळेपण असे की, तो पहिल्या दिवसापासून मोजला गेला. लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी दरवर्षी वसंत ऋतूत या मुलांच्या चाचण्या घेतल्या आणि त्यांची तुलना इंग्रजी शाळेतील व फ्रेंच शाळेतील समान आर्थिक स्तराच्या मुलांशी केली. दुसऱ्या वर्षी आलेल्या तुकडीवरही तेच सारे पुन्हा केले गेले, म्हणजे पहिल्या तुकडीचे यश हा योगायोग होता, असे कोणी म्हणू नये. पहिलीच्या शेवटी ही मुले इंग्रजी वाचनात मागे होती, आणि तसे ती असणारच होती, कारण ते त्यांना शिकवलेलेच नव्हते. इंग्रजीचा तास सुरू झाल्यावर हे अंतर लवकर भरून निघाले. शुद्धलेखन तेवढे थोडे रेंगाळले. फ्रेंचमधून शिकलेले गणित त्यांना इंग्रजी प्रश्नपत्रिकेतही सोडवता येत होते. इंग्रजी वाचन उशिरा सुरू झाले तरी मूल मागे राहत नाही, हे पालकसभेत आज दिले जाणारे उत्तर सविस्तर निष्कर्ष म्हणून 1972 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

तोपर्यंत हा विषय सेंट लॅम्बर्टपुरता राहिला नव्हता. 1969 च्या राजभाषा कायद्याने केंद्र सरकारच्या कारभारात इंग्रजी आणि फ्रेंच यांना समान दर्जा दिला, आणि राजधानी ओटावातील सरकारी नोकरीत बढतीसाठी फ्रेंचला मोल आले. शिक्षण हा प्रांतांचा विषय असला तरी दुसऱ्या राजभाषेच्या शिक्षणासाठी सत्तरच्या दशकापासून केंद्राकडून प्रांतांना निधी मिळू लागला. 1977 मध्ये राजभाषा आयुक्त कीथ स्पायसर यांच्या प्रोत्साहनाने ‘कॅनेडियन पेरेंट्स फॉर फ्रेंच’ ही पालकांची संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी क्वेबेकने फ्रेंच भाषा सनदेचा कायदा केला आणि इंग्रजी शाळांतील प्रवेशावर कडक मर्यादा आली. प्रांतातील इंग्रजी कुटुंबांना फ्रेंच येण्याची निकड त्यामुळे आणखी वाढली. सीमेपलीकडे कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटीने 1971 मध्ये याच धर्तीवर स्पॅनिश इमर्शन सुरू केले होते. आज क्वेबेकबाहेर चार लाखांहून अधिक विद्यार्थी फ्रेंच इमर्शनमध्ये आहेत.

एवढा विस्तार झाल्यावर त्रुटीही ठळकपणे दिसू लागल्या. आठ-दहा वर्षे फ्रेंचमधून शिकलेल्या मुलांचे ऐकणे आणि वाचणे फ्रेंच भाषक मुलांच्या जवळपास पोहोचत असे. बोलणे मात्र अडखळत असे. नामांची लिंगे चुकत, भूतकाळाची रूपे एकमेकांत मिसळत, आणि आदरार्थी संबोधन जेथे हवे तेथे एकेरी येत असे. शेवटची चूक मराठी वाचकाला चटकन समजेल, कारण शिक्षकांना ‘तू’ म्हणणारा विद्यार्थी आपल्याकडेही भाषा न येणारा ठरतो. वर्गात सगळे समवयस्क आणि बोलणाऱ्या एकट्या शिक्षिका, अशा वातावरणात आदरार्थी रूप मुलांच्या कानांवर फारसे पडणार तरी कसे? टोरांटोच्या भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी 1985 च्या सुमारास असे मांडले की, कितीही ऐकले तरी तेवढ्याने भागत नाही. आपल्याला जे म्हणायचे आहे ते नेमके मांडण्याची सक्ती झाल्याशिवाय भाषा पक्की होत नाही. त्यानंतर वर्गातील संभाषण, जोडीने करायची कामे आणि व्याकरणाकडे थेट लक्ष वेधणे यांना अधिक जागा मिळाली. आजच्या शिक्षिका सप्टेंबरमध्येच वाक्यांचे साचे भिंतीवर लावून मुलांकडून ती वाक्ये बोलून घेतात, यामागे हा वाद आहे.

दुसरा वाद शिक्षणशास्त्राइतकाच सामाजिक आहे. इमर्शन ऐच्छिक असल्याने शिक्षण आणि वेळ हाताशी असलेली कुटुंबे ते अधिक निवडतात, आणि शिकण्यात अडचण आली की मूल इंग्रजी वर्गात परत पाठवले जाते. त्यामुळे एकाच शाळेत दोन दर्जे तयार होतात, असा आक्षेप जुना आहे. ब्रिटिश कोलंबियात पालकांनी नोंदणीसाठी रात्रभर रांगा लावल्याचे प्रसंग घडले, आणि पुढे अनेक मंडळांनी सोडतीचा मार्ग स्वीकारला. न्यू ब्रन्सविक हा कॅनडाचा एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत. तेथे 2008 मध्ये सरकारने पहिलीपासूनचे इमर्शन रद्द केले, पालक न्यायालयात गेले, आणि अखेर तिसरीपासून प्रवेश ठरला. 2017 मध्ये तो पुन्हा पहिलीवर आला. त्यानंतर इमर्शनच काढून सर्व मुलांना अर्धा वेळ फ्रेंच देण्याची योजना आली, तीही पालकांच्या विरोधानंतर फेब्रुवारी 2023 मध्ये मागे घेण्यात आली. फलनिष्पत्तीचा हिशेबही उत्साहवर्धक नाही : 2021 च्या जनगणनेनुसार दोन्ही राजभाषांत संभाषण करू शकणाऱ्यांचे प्रमाण देशात सुमारे 18 टक्के, तर क्वेबेकबाहेर दहा टक्क्यांच्याही आत होते. शाळेबाहेर फ्रेंच बोलायला कोणी नसेल, तर शाळेने दिलेली भाषा टिकवणे शाळेच्या हाती राहत नाही.

सेंट लॅम्बर्टच्या आराखड्यात एक गोष्ट गृहीत होती : मुलाची घरची भाषा समाजात प्रबळ असल्याने तिला धोका नाही. लॅम्बर्ट यांनी स्वतःच नंतर भर घालणारी आणि वजाबाकी करणारी अशा दोन द्विभाषिकतांत फरक केला. बहुसंख्याकांचे मूल दुसरी भाषा मिळवते तेव्हा पहिली शाबूत राहते. अल्पसंख्याकांचे मूल प्रबळ भाषेच्या शाळेत गेले की बहुधा घरची भाषा खर्ची पडते. महाराष्ट्रातील इंग्रजी माध्यमाच्या समर्थनार्थ कॅनडातील निष्कर्षांचा दाखला कोणी दिला, तर हा फरक आधी विचारात घ्यावा लागेल. सेंट लॅम्बर्टची मुले प्रतिष्ठित भाषेकडून कमी प्रतिष्ठेच्या भाषेकडे गेली होती. आपल्याकडचा प्रवास नेमका उलटा आहे.

टोरांटो परिसरातील मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन अशा शहरांतील मराठी कुटुंबांत हे चित्र आणखी गुंतागुंतीचे होते, कारण तेथे घरी मराठी, रस्त्यावर इंग्रजी आणि शाळेत फ्रेंच असते. अशा मुलांना तिसरी भाषा झेपणार नाही, आधी इंग्रजी पक्के होऊ द्या, असा सल्ला स्थलांतरित पालकांना बराच काळ दिला गेला. कॅनडातील नंतरच्या अभ्यासांनी त्याला पुष्टी दिली नाही. घरी तिसरी भाषा बोलणारी मुले फ्रेंचमध्ये मागे राहत नाहीत, काही अभ्यासांत तर ती पुढेच असतात. ऑन्टारिओत इमर्शनच्या विद्यार्थ्याला आठवीअखेर किमान 3800 तासांचे फ्रेंच शिक्षण मिळावे लागते, म्हणून प्रवेश लवकर घ्यावा लागतो. अनेक मंडळांत सप्टेंबरच्या वर्गाची नोंदणी आधीच्या हिवाळ्यातच संपते. उन्हाळ्यात येऊन दाखल होणाऱ्या नव्या कुटुंबाला इमर्शन म्हणजे काय हे कळेपर्यंत त्या वर्षीच्या जागा भरलेल्या असतात.