‘पॅराडाइज लॉस्ट’मागचा पराभव

इंग्रज कवी जॉन मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्याच्या पहिल्या दोन सर्गांतच सैतान वाचकाचा ताबा घेतो. ईश्वराविरुद्ध बंड करून स्वर्गातून हाकललेला, आगीच्या सरोवरातून उठून हरलेल्या साथीदारांना पुन्हा उभे करणारा हा सेनापती इतका जिवंत का वाटतो, हे समजून घ्यायचे तर कवीचे राजकारण पाहावे लागते.

जानेवारी १६४९मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. मिल्टनने या शिरच्छेदाचे उघड समर्थन केले आणि त्याच वर्षी तो नव्या प्रजासत्ताकाचा परदेशी पत्रव्यवहार पाहू लागला. १६५२पर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली. १६६०मध्ये राजेशाही परतली. मिल्टनची पुस्तके जाळली गेली, त्याला कैदही झाली. जिवानिशी सुटलेला हा अंध कवी रात्री मनात ओळी रचायचा आणि सकाळी कोणाकडून तरी लिहून घ्यायचा. बंड फसल्यावर माणसे काय बोलतात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही ईश्वराचा न्याय माणसांना पटवून देणे हाच काव्याचा जाहीर हेतू आहे. माझ्या मते काव्याचे सारे बळ या ओढाताणीत आहे.

१६४४मध्ये छपाईपूर्व परवान्याविरुद्ध लिहिलेल्या मिल्टनला हे काव्य छापायला परवानाच घ्यावा लागला. १६६७मध्ये ते दहा सर्गांत निघाले, तेव्हा प्रकाशक सॅम्युएल सिमन्सने त्याला आगाऊ पाच पौंड दिले. १६७४च्या आवृत्तीत त्याचे बारा सर्ग झाले.

निबंधकार जोसेफ ॲडिसनने १७१२मध्ये लेखमाला लिहून काव्याला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. पुढे कवी विल्यम ब्लेकला तर वाटले, की मिल्टन नकळत सैतानाच्याच पक्षाचा होता. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) या कादंबरीतला, माणसाने निर्माण केलेला जीव हेच काव्य वाचतो आणि आदमाशी, मग सैतानाशी स्वतःची तुलना करतो.

‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये येणारी आदम-एवेच्या पतनाची कथा मराठीत मात्र मिल्टनच्या आधीच आली होती. थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघाच्या इंग्रज ख्रिस्ती धर्मगुरूचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले. मिल्टनचा खरा भारतीय वारस मात्र बंगालीत सापडतो. मायकेल मधुसूदन दत्तांनी ‘मेघनादवध काव्य’ (१८६१) मिल्टनसारखेच यमकाविना रचले आणि त्यात कवीची सहानुभूती रावणाच्या, मेघनादाच्या बाजूला ठेवली.