बचाव जमला, आता डाव टाका

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मॅटवर सहा-आठ महिने काढलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते: "आता मला पटकन कोणी टॅप करायला (थाप मारून हार मानायला) लावत नाही, पण मीही कोणाला लावत नाही." आधी बचाव पक्का करून घ्यायचा हा आग्रह आमचाच, त्यामुळे ही अवस्था येणारच. शुक्रवारचा तास खास त्यासाठी ठेवला आहे.

आक्रमक खेळ म्हणजे अंगावर धावून जाणं नव्हे. दात-ओठ खाऊन खेळणारा दोन मिनिटांत दमतो आणि मग उरलेला राउंड नुसता तग धरून काढतो. समोरच्याला सतत उत्तर द्यायला भाग पाडायचं आणि त्याच्या उत्तरातूनच पुढचा डाव काढायचा, एवढंच आम्हाला अभिप्रेत आहे.

क्लोज्ड गार्डचं बघा. तुम्ही पाठीवर, समोरचा तुमच्या पायांच्या विळख्यात. त्याने पाठ ताठ केली की उठून बसा, एक हात त्याच्या खांद्यावरून पलीकडे टाका आणि कंबरेच्या धक्क्याने त्याला उलटवायला जा. हा हिप बंप. तोल सावरायला तो मागे हात टेकतो. तोच हात किमुऱ्यासाठी, म्हणजे हात पिरगळून खांदा अडकवण्यासाठी, धरा. हात वाचवायला तो पुढे रेटू लागला, की मान आयतीच तुमच्या काखेत येते आणि गिलोटिन, म्हणजे गळा आवळणारा डाव, बसतं. हे तिन्ही डाव सुटे सुटे अनेकांना येतात, घोडं अडतं ते जोडताना.

म्हणून शुक्रवारी राउंड तीन मिनिटांचे आणि सुरुवात गार्डमधूनच. डाव फसून गार्ड गेला, म्हणजे समोरचा पायांच्या विळख्यातून सुटला, तरी हरकत नाही, पुन्हा तिथूनच सुरू. नवा डाव आधी नवख्या किंवा हलक्या जोडीदारावर बसवा. आखाड्यातून आलेल्यांना पाठ टेकली की संपलं असं वाटतं. ती सवय मोडायला जरा वेळ लागतो, पण पकड त्यांची जबरदस्त असते.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी: आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत स्वीपला (खालून समोरच्याला उलटवून वर येण्याला) २ गुण, गार्ड पार केला तर ३, माउंट (छाती-पोटावर बसून ताबा) किंवा पाठीचा ताबा मिळाला तर ४. व्हाइट बेल्टची, म्हणजे सुरुवातीच्या पट्ट्याची, लढत ५ मिनिटांची. त्यात २-० घेऊन घड्याळाकडे बघत बसणं नियमात बसतं, आम्हाला मात्र आवडत नाही.

लॉक (सांधा अडकवणारी पकड) शेवटी सावकाश आवळा, जोडीदाराला टॅप करायला वेळ द्या. १९५१ साली रिओत जपानी जुदोपटू मासाहिको किमुरांनी हात पिरगळला तरी ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या एलिओ ग्रेसींनी टॅप केला नाही, शेवटी त्यांच्या बाजूने टॉवेल टाकावा लागला. आपल्याकडे असलं शौर्य नको. सांधा दुखायच्या आधी टॅप करा.

मासिक फी भरणाऱ्यांना या तासाचे वेगळे पैसे नाहीत. गी (सरावाचा पोशाख) धुतलेला हवा, नखं कापलेली हवीत. जुनं दुखणं असेल तर राउंडआधी जोडीदाराच्या कानावर घाला.