सुवर्ण नॅनोदंड

पृष्ठसक्रियकाच्या (साबणासारख्या, पृष्ठभागावर बसणाऱ्या रेणूच्या) मदतीने पाण्यात लांबट वाढवलेले सोन्याचे सूक्ष्म कण. गोल सुवर्णकणांचे द्रावण लाल दिसते, कारण ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात. दंडाला याशिवाय दुसरा, अधिक प्रबळ शोषणपट्टा असतो. लांबी-रुंदीचे गुणोत्तर वाढेल तसा तो अवरक्ताकडे सरकतो. शरीराच्या ऊतींतून बऱ्यापैकी खोल जाणारा प्रकाश याच भागातला, म्हणून वैद्यकीय संशोधनात या दंडांना मोल आले.

बीजवाढ पद्धत २००१ मध्ये निखिल जना, लथा गिअरहार्ट व कॅथरीन मर्फी यांनी मांडली. २००३ मध्ये बाबक निकूबख्त व मुस्तफा अल-सय्यद यांनी तिच्यात सुधारणा केली. आधी सोडियम बोरोहायड्राइडने ४ नॅनोमीटरहून लहान बीजकण तयार करतात. मग ते सुवर्णक्षार, सिल्व्हर नायट्रेट, ॲस्कॉर्बिक आम्ल आणि भरपूर सीटॅब (हाच तो पृष्ठसक्रियक) असलेल्या वाढद्रावणात सोडतात. क्षारातून सोने मोकळे करणारे ॲस्कॉर्बिक आम्ल त्या कामात सौम्य असल्याने नवे कण जन्मत नाहीत, सोने बीजावरच चढते.

सीटॅब म्हणजे सेटिलट्रायमिथिलअमोनियम ब्रोमाइड. त्याचे डोके धनभारित, शेपटी १६ कार्बनांची. सोन्यावर त्याचा दुहेरी थर बसतो: आतल्या थराची डोकी धातूकडे, बाहेरच्या थराची पाण्याकडे, शेपट्या मध्ये. समान भारामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. दंडाच्या कडेच्या बाजूंवर हे आवरण दाट, टोकांवर विरळ असते. त्यामुळे सोने मुख्यतः टोकांवर साचते. चांदीही कडांवर अडसर घालते असे मानतात, पण तिच्या नेमक्या कार्याबद्दल मतभेद आहेत.

वाढद्रावणातील सीटॅब मिसेल (पाण्यात शेपट्या आत घेऊन जमलेले रेणूंचे पुंजके) बनण्यासाठी लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या सुमारे शंभरपट असते. त्यामुळे लांबट मिसेल हाच दंडाचा साचा, अशी कल्पना पूर्वी मांडली गेली. ती आकर्षक आहे, पण अपुरी. तीच शेपटी आणि तेच डोके असलेले क्लोराइड लवण मिसेल बनवते, तरी या कृतीत दंड देत नाही. म्हणजे शेपटीइतकेच महत्त्व सोन्याला घट्ट धरणाऱ्या ब्रोमाइडला आहे.

हॅलाइडांचा (ब्रोमाइड, क्लोराइड, आयोडाइड यांचा) प्रभाव किती सूक्ष्म असतो हे २००८-०९ मध्ये ब्रायन कोर्गेल यांच्या गटाने दाखवले. वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आलेल्या सीटॅबपैकी काहींपासून दंड बनले, काहींपासून फक्त गोळे. दोष आयोडाइडच्या अशुद्धीचा होता, तीही अगदी अल्प प्रमाणातली. कृती तंतोतंत पाळूनही दंड मिळाले नाहीत, तर संशय आधी बाटलीवर घ्यावा. तापमानही सांभाळावे लागते: सुमारे २५ अंश सेल्सियसखाली सीटॅबचे स्फटिक पडतात, म्हणून वाढद्रावण त्याहून किंचित उबदार ठेवतात.

मोकळे सीटॅब पेशींना विषारी आहे. अपकेंद्रणाने (द्रावण वेगाने फिरवून दंड तळाशी बसवून) ते धुऊन काढता येते, पण फार धुतले तर आवरण सुटून दंड गुठळतात. म्हणून वैद्यकीय वापरापूर्वी सीटॅबच्या जागी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची थायॉलयुक्त (गंधकाचे टोक असलेली) साखळी बसवतात. तिचे गंधक सोन्याला सीटॅबहून घट्ट बिलगते.