ट्रायग्लिसराइडची गोळी नेमकी कशासाठी?

"माका काय एक होणा नाय, मगे गोळी कित्याक खावची?" सिंधुदुर्गातल्या दवाखान्यांत ट्रायग्लिसराइडचा रिपोर्ट हातात घेऊन लोक हे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. रक्तातली ही चरबी वाढली तरी दुखत नाही, खुपत नाही. गोळी मात्र रोज घ्यायची असते.

उपाशीपोटी केलेल्या तपासणीत एका डेसिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी ट्रायग्लिसराइड असणे चांगले. २०० च्या पुढे ते जास्त धरतात आणि ५०० च्या पुढे फार जास्त. आकडा हजारांत गेला की रक्तातला पातळ भाग दुधाळ दिसतो. लॅबमधल्या माणसाला तो नळीतच कळतो.

माझ्या मते सगळा घोळ इथे होतो. गोळी दोन वेगळ्या कारणांसाठी देतात आणि रुग्णाला बहुतेक वेळा एकच सांगितले जाते: "हार्टसाठी आहे." आकडा ५०० च्या वर असेल, तर पहिली काळजी स्वादुपिंडाची असते. त्याला अचानक सूज आली तर जिवावर बेतू शकते, आणि हजारापुढे हा धोका बराच वाढतो. अशा वेळी फेनोफायब्रेटसारखी गोळी उपयोगी पडते. ती यकृतातल्या चरबीची घडण बदलते, रक्तातली चरबी फोडणारे एन्झाइम वाढवते आणि आकडा ३० ते ५० टक्के खाली आणू शकते.

आकडा २००-३०० असेल तर गोष्ट निराळी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉमिनंट' या औषधचाचणीत दहा हजारांहून अधिक मधुमेही होते, आणि बहुतेक सगळे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, घेत होते. पेमाफायब्रेट या फेनोफायब्रेटच्याच गटातल्या गोळीने त्यांचे ट्रायग्लिसराइड सुमारे २६ टक्के घटले, पण हार्ट अटॅक आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. म्हणून आकडा उतरला म्हणजे हृदय सुरक्षित झाले, असे धरून स्टॅटिन बंद करणे मोठी चूक ठरते.

गोळी सुरू झाल्यावर कुणाचे पोट बिघडते, कुणाचे स्नायू दुखतात. स्टॅटिन सोबत असेल तर स्नायूदुखी लगेच डॉक्टरांच्या कानावर घालावी. फेनोफायब्रेटने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडे वाढते आणि घरचे घाबरतात. गोळी थांबवल्यावर ते बहुधा पूर्ववत होते, पण मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट वेगळीच: रिपोर्ट चांगला आला की गोळी बंद, आणि काही महिन्यांत आकडा पुन्हा होता तिथे.

"आम्ही तर रोज मासे खातो" हेही ऐकू येते. बांगडा, तारली यांत ओमेगा-३ ही ट्रायग्लिसराइड उतरवणारी चरबी असते हे खरेच. पण औषध म्हणून लागणारी मात्रा रोज २ ते ४ ग्रॅम. ती ताटातून रोज मिळणे कठीण. दुकानातल्या नेहमीच्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्येही कामाचे ओमेगा-३ अनेकदा ३०० मिलिग्रॅमच्या आसपासच असते. जास्त मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो, तेव्हा मनाने सुरू करू नये. शिवाय माशाच्या शेजारी भाताचा डोंगर असतो. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. जास्तीच्या पिष्टाची आणि साखरेची यकृत ट्रायग्लिसराइडच बनवते. दारू त्याला आणखी जोर देते. काहींचा आकडा दारू सोडल्यावरच कितीतरी खाली येतो, आणि मधुमेह आटोक्यात आला तरी तसेच घडते.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. वरच्या पोटात जोराची कळ, ती पाठीत जाणे, सोबत उलट्या, असे झाले तर पित्त समजून कोकमाच्या आगळावर रात्र काढू नये. थेट रुग्णालय गाठावे आणि ट्रायग्लिसराइडचा जुना आकडा तिथल्या डॉक्टरांना सांगावा. रक्त फार दुधाळ असेल तर अमायलेज ही स्वादुपिंडाच्या सुजेसाठीची रक्ततपासणी फसवी नॉर्मल येऊ शकते. आकडा कळला तर डॉक्टर तिच्यावर विसंबून न राहता लायपेज ही दुसरी रक्ततपासणी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन करून घेतात.