मातीतील जीवाणूंचे प्रतिजैविक-जनुकसमूह

प्रतिजैविक बनवणाऱ्या मृदाजीवाणूंत त्या कामाची जनुके बहुधा गुणसूत्रावर एकमेकांना लागून असतात. या सलग पट्ट्याला जनुकसमूह म्हणतात. रेणू जोडणारी, तो पेशीबाहेर काढणारी आणि हे काम कधी सुरू व्हावे ते ठरवणारी जनुके त्यात असतात. सोबत प्रतिरोधाचे जनुकही असते, नाहीतर जीवाणू स्वतःच्याच विषाने मरेल. १९४३ साली सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन बनवणारा स्ट्रेप्टोमायसेस ग्रिसिअस हा जीवाणू, औषध पेशीत असेपर्यंत, त्याला फॉस्फेट चिकटवून ते निष्प्रभ ठेवतो. पेशीबाहेर ते फॉस्फेट निघून जाते. ही व्यवस्था थक्क करणारी आहे.

एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या बाबतीत तीन जनुकांपासून तीन अवाढव्य प्रथिने बनतात. त्यांतील सहा विभाग ओळीने एकेक तुकडा जोडत साखळी वाढवतात. विभागांचा क्रम जनुकातच लिहिलेला असल्याने नुसता जनुकक्रम वाचून रेणूच्या सांगाड्याचा अंदाज बांधता येतो.

स्ट्रेप्टोमायसेस सीलिकलरचा संपूर्ण जनुकक्रम २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. या जीवाणूची मोजकीच प्रतिजैविके माहीत होती. जनुकक्रमात मात्र विविध संयुगे बनवणारे वीसहून अधिक समूह निघाले. प्रयोगशाळेत त्यांतले बरेचसे मूक राहतात, म्हणजे त्यांचे संयुग बनतच नाही, आणि या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच आहे. समूह कसा मूक राहू शकतो याचे एक उदाहरण: या जीवाणूच्या जनुकांत टीटीए हा तीन अक्षरी संकेत विरळा आढळतो. तो वाचणारा वाहक आरएनए (प्रथिन जोडताना संकेतानुसार अमिनो आम्ल आणणारा रेणू) बीएलडीए जनुकापासून बनतो. ते जनुक बिघडले तर जीवाणू वाढतो, पण त्याचे निळे प्रतिजैविक ॲक्टिनोऱ्होडिन तयार होत नाही.

गोव्यात मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीला जो वास सुटतो, त्यातले जिओस्मिन हे गंधद्रव्य मुख्यतः स्ट्रेप्टोमायसेस आणि त्याच्या आप्तांचे असते. चोडण बेटाची खारफुटी, मिठागरे, मांडवी-झुवारीकाठची खाजने (बांध घालून राखलेल्या सखल खाडीकाठच्या जमिनी) इथले जीवाणू वेगळ्याच परिस्थितीत जगतात: पावसाळ्यात गोडे पाणी, उन्हाळ्यात खारे, शिवाय मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) होणारी भरती-ओहोटीची ये-जा. खाजन बुजवले की त्यातली जनुके कोणी वाचण्याआधीच जातात. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या माध्यमात गोड्या-खाऱ्याचा असा चढउतार नसतो. त्यामुळे मूक समूह जागे करण्यासाठी माध्यमातले मीठ व अन्नघटक बदलून पाहतात किंवा दुसऱ्या जीवाणूच्या सोबतीने वाढवतात. तेही न साधल्यास अख्खा समूह उचलून ओळखीच्या स्ट्रेप्टोमायसेसमध्ये घालतात.