करंट: तारेतला आणि दर्यातला

माडाची झावळी तारेवर पडली की गोव्यात ‘करंट गेला’. ओल्या हाताने बटण दाबलं की ‘करंट लागला’. बँकेत करंट अकाउंट, स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या तोंडी करंट अफेअर्स. लॅटिनमधल्या ‘धावणे’ या अर्थाच्या क्रियापदातून हा शब्द इंग्रजीत उतरला. जे वाहतंय, सध्या सुरू आहे, ते करंट. चालू खातं, चालू घडामोडी म्हणताना मराठीनेही तेच केलं, फक्त आपण धावत नाही, चालतो.

गंमत अशी की तारेत कोणी धावत नाही. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर करंट जात असेल, तर इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरचा दहावा भागही पुढे सरकत नाहीत. त्यातून आपल्या घरात येते ती एसी वीज, ५० हर्ट्झची. म्हणजे इलेक्ट्रॉन सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे डुलतात, तेही मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी अंतरात. तरी दिवा तत्काळ लागतो, कारण त्यांना हलवणारं विद्युतक्षेत्र प्रचंड वेगाने पसरतं आणि अख्ख्या तारेतले इलेक्ट्रॉन जवळपास एकदमच डुलू लागतात.

फलकावरचा व्होल्टचा आकडा वाचून आपण घाबरतो, पण इजा करतो तो अंगातून जाणारा करंट. १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात. १० ते २० ला स्नायू असे आवळतात की धरलेली तार सुटत नाही. घरातली सुरक्षा कळ (आरसीसीबी), म्हणजे तारेबाहेर करंट निसटला की वीज तोडणारं बटण, ३० मिलिअँपिअरची गळती झाली की पडते. ओल्या अंगाचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, १००० ओहमच्या आसपास उतरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर होतात. हृदयाची लय बिघडायला तेवढे पुरेत. आणि आपल्याकडे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात!

समुद्रातला करंट मात्र खरोखरच पाणी वाहून नेतो. लाट तसं करत नाही; खोल समुद्रात ती पुढे जाते, पाणी जवळपास जागच्या जागी गोल फिरतं. आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात चक्क उलटून उत्तरेकडे. १९६६ साली स्थापन झालेल्या आणि दोना पावलला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत असल्या प्रवाहांचा अभ्यास चालतो.

पर्यटकांचा जीव घेतो तो यांतला सगळ्यात छोटा, रिप करंट. लाटा वाळूच्या उंचवट्यावरून पाणी किनाऱ्याकडे लोटतात. ते परत जायला उंचवट्यातली खिंड शोधतं आणि तिथून जोरात आत ओढलं जातं, कधी सेकंदाला दोन मीटरहूनही वेगाने. खिंडीवर लाटा फुटत नाहीत, त्यामुळे नेमकी तीच जागा शांत दिसते आणि नवखा माणूस तिथेच उतरतो. ओढ लागली की तो सरळ किनाऱ्याकडे हात मारत दमतो. खरं तर हा पट्टा अरुंद असतो. किनाऱ्याला समांतर पोहलं की बाहेर पडता येतं. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत राहून हात वर करायचा. रिप पाण्याखाली ओढत नाही, फक्त आत नेतो.