सुंभाचा पीळ

‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे भारतीय नौदलाचं, खिळ्यांऐवजी दोराने फळ्या शिवलेलं जहाज जानेवारी २०२६मध्ये पोरबंदरहून मस्कतला पोचलं, आणि माझ्या फोनवर एक मजकूर फिरून फिरून येऊ लागला. समुद्रात चुंबकाचे डोंगर असतात, ते खिळे ओढून घेतात, म्हणून पूर्वज जहाजाला लोखंड लावत नसत! ही समजूत व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीची. भोजराजाच्या नावावरच्या ‘युक्तिकल्पतरू’ या जुन्या संस्कृत ग्रंथातही ती आहे. पण चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने आटते. फ्रिजवरचं चुंबक वीतभर लांबून टाचणीसुद्धा हलवत नाही. आणि तसे डोंगर असतेच, तर आजची पोलादी जहाजं कधीच तिकडे जाऊन चिकटली असती.

खरं कारण साधं. लोखंड महाग आणि खाऱ्या पाण्यात गंजणारं. काथ्या मात्र किनाऱ्यावर दारात.

पण दोराने शिवलेल्या फटीतून पाणी आत कसं येत नाही? दोन फळ्यांच्या कडा भिडवतात, सांध्यावर काथ्याची जाड वळी ठेवतात आणि दोन्हीकडच्या भोकांतून दोर ओवून ती करकचून आवळतात. भोकं बुजवून वर राळ आणि तेल चोपडतात. मग होडी पाण्यात गेली की लाकूड पाणी पितं. लाकडाच्या पेशीभित्तीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे बहुतेक उभे, खोडाच्या दिशेने असतात. पाणी त्यांच्या मधे शिरून त्यांना बाजूला ढकलतं. म्हणून फळी लांबीला जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीला चांगली फुगते. कडा एकमेकींत रुततात, वळीही फुगते, आणि सगळा ताण येतो दोरावर.

इथे ताठ दोर असता तर तुटला असता, किंवा भोकाची कड कापत गेला असता. काथ्या का टिकतो? पायपुसण्यातला एक तंतू उपटून दोन्ही हातांनी ओढून बघा. तो आधी लांबतो, बऱ्यापैकी लांबतो, मग तुटतो. तागाच्या सुतळीतला तंतू जेमतेम लांबतो आणि फट्कन तुटतो. दोन्हींत सेल्युलोजच. पण तागात सेल्युलोजचे धागे तंतूच्या अक्षाला जवळपास समांतर असतात, सुमारे ८ अंशांवर. काथ्यात ते ३० ते ४५ अंशांनी तिरके, मळसूत्रासारखे गुंडाळलेले. ओढलं की आधी मळसूत्र उलगडतं आणि सेल्युलोजवर सरळ ताण उशिरा येतो. म्हणजे प्रत्येक तंतू ही एक स्प्रिंग! लाटेने सांधा हलला तरी दोर थोडा देतो आणि परत आवळतो. आपण म्हणतो, सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही. तो पीळ वळणाऱ्याच्या हातात येण्याआधीच पेशीभित्तीत असतो. शिवाय काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा चिवट पदार्थ, भरपूर; त्यामुळे तो सहज कुजत नाही. सोडणं महिनोन् महिने खाडीत कुजत घालतात तेव्हा भोवतालचा मऊ भुसा सुटतो आणि काथ्या उरतो तो याच जोरावर.

ही विद्या जगात फक्त आपलीच, हा दुसरा मजकूर. तोही खरा नाही. गिझाच्या पिरॅमिडशेजारी १९५४मध्ये सापडलेली खुफू राजाची ४३ मीटरहून लांब नौका साडेचार हजार वर्षांपूर्वीची, आणि तीही दोरांनी बांधलेली. तिथे दोराची खोबण फळीच्या जाडीतच इंग्रजी ‘व्ही’सारखी कोरली आहे, बाहेरच्या अंगाला भोकच नाही. इंग्लंडमधल्या फेरिबीच्या कांस्ययुगीन होड्या तर यू नावाच्या झाडाच्या पिळलेल्या फांद्यांनी शिवल्या होत्या.

संग्रहालयात मात्र हेच यंत्र उलटं फिरतं. कोरड्या दालनात फळ्या आकसतात, शिवण सैल पडते. खुफूची नौका १,२२४ तुकड्यांतून जुळवायला वर्षानुवर्षं लागली, आणि बांधणीला दोर नवे वापरावे लागले. २०२१मध्ये ती गिझाच्या नव्या मोठ्या संग्रहालयात अख्खीच्या अख्खी हलवली. लाकूड जुनं, गाठी आपल्या काळातल्या.

शिवलेल्या होडीला हे नवं नाही. वापरातल्या होडीची शिवण ठरावीक काळाने उसवून नव्याने घालावीच लागते. गोव्यात बांधलेल्या ‘कौंडिण्य’ची शिवण बाबू शंकरन या केरळच्या कारागिराच्या देखरेखीखाली झाली. अजिंठ्याच्या चित्रातून जहाजाचा आकार मिळाला; दोर किती आवळला की पुरे, हे चित्रात नाही. ते हातालाच कळतं.